कपाटातील सुटी डिस्क

रुग्णालयाच्या कपाटात न वापरलेली हार्ड डिस्क कशासाठी, असे देणगीदारांनी विचारणे स्वाभाविक आहे. क्ष-किरण चित्रे व तपासण्यांच्या नोंदी जपण्यासाठी १९८८ साली बर्कले येथील संशोधकांनी मांडलेली ‘रेड’ पद्धत उपयोगी पडते. तिच्या पाचव्या प्रकारात एक डिस्क निकामी झाली, तरी उरलेल्या डिस्कवरून तिच्यातील माहिती गणिताने पुन्हा मिळते. नवी डिस्क भरून होण्यापूर्वी दुसरी बिघडली, तर मात्र सर्वच गमवावे लागते. हे पुनर्भरण कित्येक तास चालते. हिवरा आश्रमासारख्या गावी डिस्क मागवून येईपर्यंतचे दिवसही त्याच धोक्यात जातात. डिस्क बदलताना क्रमांक दोनदा पडताळावा, कारण घाईत चांगलीच डिस्क काढली जाण्याची भीती असते. शिवाय नोंदींची वेगळी प्रत हवीच. चुकून पुसलेली नोंद ‘रेड’ परत देत नाही.