कोबीला सडवणारा, केसांना सावरणारा

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टच्या आधाराने स्थिरावलेल्या कुठल्याही मराठी घरात बाथरूमचं कपाट उघडा. सुटकेसमधून आलेली खोबरेल तेलाची बाटली असणारच. तिच्या शेजारच्या हेअर जेलचं, सनस्क्रीनचं, टूथपेस्टचं लेबल वाचा. एखाद्यावर तरी बारीक अक्षरांत ‘झँथन गम’ सापडेल. मग स्वयंपाकघरात जा, सॅलड ड्रेसिंगची बाटली फिरवा. तिथेही हजर!

हे महाशय मूळचे कोबीच्या शेतातले. झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिस नावाचा जिवाणू कोबी-फ्लॉवरच्या पानात शिरला की कडेला इंग्रजी ‘व्ही’सारखा पिवळा डाग पडतो, शिरा काळ्या पडतात आणि हळूहळू गड्डा सडतो. आपल्याकडे याला घाण्या रोग म्हणतात. नावातच वास आहे. हा जिवाणू आपल्याभोवती जे बुळबुळीत आवरण तयार करतो, तेच झँथन. शेतकरी ज्याला शिव्या घालतो, ते आपण पैसे मोजून डोक्याला चोपडतो.

त्याचा शोध लागला इलिनॉयमधल्या पिओरियात, अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत. ॲलीन जीन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा डिंक जगापुढे आणला. बिघडलेल्या चिकट गोष्टींवर या बाईंचा भारी जीव! त्याआधी एका स्थानिक कंपनीचं रूट बिअर जिवाणूंमुळे नासून घट्ट झालं होतं. तो नमुना त्यांच्या हाती आला आणि त्यातून डेक्स्ट्रानचं काम पुढे सरकलं. कोरियन युद्धात जखमी सैनिकांना रक्तद्रवाऐवजी देता येणारा पदार्थ तो हाच. पेनिसिलीनचं उत्पादन वाढवण्याची रीतही याच प्रयोगशाळेत बसली, आणि तिथे कामी आलेली जोमदार बुरशी मिळाली ती बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर. सडक्या मालातून इतकं सोनं काढणारी दुसरी प्रयोगशाळा मला तरी माहीत नाही. झँथनला अमेरिकेत खाद्यपदार्थांसाठी मान्यता मिळाली १९६९ साली.

कारखान्यात कोबी लागत नाही, घाबरू नका. स्टीलच्या टाक्यांत साखरेच्या पाण्यावर जिवाणू पोसतात, साधारण २८ ते ३० अंश तापमानाला. दोन-चार दिवसांत रस इतका दाट होतो की ढवळणं आणि आत हवा खेळवणं हीच मुख्य डोकेदुखी होऊन बसते. मग जिवाणू उष्णतेने मारायचे, अल्कोहोल घालून डिंक वेगळा काढायचा, वाळवायचा, दळायचा. ‘नैसर्गिक’ हे खरंच, पण लेबलावरच्या हिरव्या पानाशी त्याचं फारसं नातं नाही.

खरी गंमत त्याच्या स्वभावात आहे. बाटलीत हलवलं नाही तर घट्ट. इतकं की आतले हवेचे बुडबुडे जागच्या जागी लटकून राहतात. दाबलं, चोळलं की पातळ होऊन पसरतं. हात थांबला की पुन्हा घट्ट, म्हणून जेल कपाळावरून डोळ्यांत ओघळत नाही. हे सगळं शेकडा एक भाग किंवा त्याहूनही कमी पुडीत! मात्र केसांचं पोषण वगैरे तो करत नाही. त्याचं काम कढीतल्या बेसनाचं: मिश्रण फुटू न देणं.

घरी जेल करणाऱ्यांची फजिती ठरलेली. पूड थेट पाण्यात टाकली की वरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात आणि त्या चमच्याने फुटता फुटत नाहीत. आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवा, मग पाणी घाला. जास्त घातलं तर शेंबडासारखी तार सुटते. याला सभ्य शब्द नाही. आणि प्रिझर्वेटिव्ह नसेल तर असं जेल फ्रिजमध्येही फार दिवस ठेवू नका. पाणी असलं की जंतूंचं फावतंच.

तेलविहिरी खोदतानाही हाच डिंक चिखलात मिसळतात, दगडाचा चुरा तरंगत वर यावा म्हणून. आणि अमेरिकी दुकानात ग्लूटेनविरहित पिठांच्या फळीवर वॉशिंग्टनच्या शेजारच्या ऑरेगॉनमधल्या ‘बॉब्ज रेड मिल’च्या झँथनचं पाकीट दिसतं, कारण गव्हाशिवायचा पाव त्याच्याविना भुसभुशीत होतो. ज्वारीच्या भाकरीसाठी मात्र ते उचलू नका. कढत पाण्यात पीठ मळलं की त्यातला स्टार्च फुगून स्वतःच चिकट होतो, आणि भाकरी थापताना कडा फाटत नाहीत.