छोले भिजवा, शिजवू नका : फलाफल सँडविच

मेसमध्ये चिकन असले की आमच्या टेबलावर एक प्रश्न हमखास निघतो : "तू शाकाहारी, मग ऑब्स्टॅकल कोर्सला ताकद कुठून आणणार?" पनीर हे एक उत्तर झाले. पण त्याहून स्वस्त आणि तितकेच चविष्ट उत्तर छोल्यांत दडलेले आहे. म्हणून सुट्टीत घरी करता येईल असा एक पदार्थ मी इथे समजावून सांगतो.

फलाफल म्हणजे वाटलेल्या कडधान्याचा वडा. इजिप्तमध्ये तो सुक्या फावा शेंगांच्या दाण्यांचा करतात आणि त्याला तामिया म्हणतात. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन या भागांत तो काबुली चण्यांचा, म्हणजे आपल्या छोल्यांचा असतो. पिटा नावाच्या पोकळ रोटीत वडे, कच्च्या भाज्या आणि ताहिनी, म्हणजे तिळाचे वाटण, भरून लोक तो रस्त्यावर उभ्याने खातात. वडापाव खाणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको!

आता मुख्य मुद्दा. यासाठी छोले शिजवायचे नाहीत, फक्त भिजवायचे. शिजवल्यावर छोल्यांतला स्टार्च पाणी शोषून आधीच फुगलेला असतो. त्याचे वाटण चिकट, ओले होते आणि वडा तेलात फुटतो. भिजवलेल्या कच्च्या छोल्यांतला स्टार्च मात्र तळताना फुगतो आणि वड्याला आतून बांधून ठेवतो. आपला डाळवडाही भिजवलेल्या डाळीचाच असतो, त्याचे कारण हेच. डब्यातले उकडलेले छोले म्हणूनच इथे चालत नाहीत.

पाच जणांसाठी पाव किलो सुके छोले भरपूर पाण्यात १२ तास भिजवा. उन्हाळ्यात भांडे फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर पाणी आंबते. नंतर छोले निथळून कापडावर कोरडे करा. एक कांदा, ५ लसूण पाकळ्या, मोठी मूठभर कोथिंबीर, २ हिरव्या मिरच्या, प्रत्येकी एक चमचा जिरे व धने आणि मीठ घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत वाटा. पाणी घालू नका. वाटण जाड रव्यासारखे दिसले पाहिजे. पेस्ट झाली तर वडा आतून गच्च होतो. त्यात एक किसलेले गाजर आणि वाटीभर बारीक चिरलेला कोबी घट्ट पिळून मिसळा. मिश्रण तासभर फ्रिजमध्ये ठेवा. वळताना सुटत असेल तर दोन चमचे बेसन पुरते.

तळण टाळायचे असेल तर आप्पेपात्र काढा. प्रत्येक खळग्यात थोडे तेल सोडून वडे ठेवा, मंद आचेवर एक बाजू झाकून आणि दुसरी उघडी भाजा. बाहेरून तांबूस झाले तरी एक वडा फोडून बघा. आत कच्चट वास राहता कामा नये, कारण कच्चे छोले पचत नाहीत. एवढ्या मिश्रणात साधारण २५ वडे होतात.

सॉस बाटलीतला नको, त्यात मीठ आणि साखर फार असते. मी दोन करतो.

पहिला ताहिनीचा. १०० ग्रॅम तीळ मंद आचेवर हलके भाजा, गार करा आणि दोन-तीन चमचे तेल घालून मऊ वाटा. त्यातल्या चार मोठ्या चमच्यांत एका लिंबाचा रस, एक ठेचलेली लसूण पाकळी आणि मीठ घाला. मिश्रण एकदम घट्ट होऊन गोळा बनेल. घाबरू नका! तिळाचे कण आधी पाणी ओढून एकमेकांना चिकटतात. गार पाणी चमचा-चमचा घालत ढवळत राहा, मग तोच गोळा सैल होऊन पांढराशुभ्र सॉस तयार होतो.

दुसरा दह्याचा. वाटीभर दही कापडात अर्धा तास टांगा. त्यात किसून पिळलेली काकडी, पुदिना, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ मिसळा. झाला.

गव्हाचा पाव किंवा पोळी घ्या. आधी सॉस, मग काकडी, टोमॅटो, कांदा, कोबी आणि वर गरम वडे ठेवून हलके दाबा. भरून ठेवू नका, पाव ओला होतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचा हिशोब. १०० ग्रॅम सुक्या छोल्यांत साधारण १९ ते २० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे पाच वड्यांतून सुमारे १० ग्रॅम मिळतात. पाव, तीळ आणि दही यांची भर वेगळी. शिवाय गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते छोल्यांत भरपूर असते. छोल्यांत मेथिओनिन कमी पडते, ते तीळ पुरवतात. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे छोल्यांतले लोह शरीरात जास्त शोषले जाते. एकट्या सैनिकाचे काम नव्हे हे. इथे पूर्ण सेक्शन एकमेकांची बाजू सांभाळतो.

पालकांना एक विनंती. आम्ही सुट्टीत घरी आलो की सगळे आयते ताटात वाढू नका. एका रात्री छोले भिजवायला सांगा आणि सकाळी ओटा आमच्या ताब्यात द्या. भांडी घासून ठेवण्याची जबाबदारीही आमचीच!