नाव क्रमांक एक

ल्यूसी ख्रिस्तियाना सदर्लंड हिचा जन्म १३ जून १८६३ चा, लंडनमधला. वडील स्थापत्य अभियंता. ती अगदी लहान असतानाच ते विषमज्वराने गेले. त्यानंतर आईबरोबर कॅनडातल्या आजोळी आणि आईने दुसरे लग्न केल्यावर इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर, असे तिचे बालपण गेले. पाठची बहीण एलिनॉर ग्लिन पुढे ‘थ्री वीक्स’ या गाजलेल्या आणि तितक्याच बदनाम कादंबरीमुळे प्रसिद्धीस आली. १८७५ मध्ये इंग्लंडहून जर्सीला परतताना या बहिणींचे जहाज वादळात सापडून रुतले, दोघी वाचल्या. टायटॅनिक बुडाली त्याच्या सदतीस वर्षे आधीची ही गोष्ट.

१८८४ मध्ये झालेले पहिले लग्न टिकले नाही. पदरात एस्मे ही मुलगी आणि हातात पैसा नाही, अशा अवस्थेत ल्यूसी घरीच कपडे बेतू लागली. १८९४ मध्ये तिने लंडनच्या ओल्ड बर्लिंग्टन स्ट्रीटवर दुकान थाटले. ‘ल्यूसील’ हे त्याचे नाव. १९०० मध्ये स्कॉटिश जमीनदार सर कॉस्मो डफ-गॉर्डन यांच्याशी लग्न होऊन ती लेडी झाली, तरी दुकान सुटले नाही. पुढे न्यूयॉर्क, पॅरिस आणि शिकागोतही शाखा निघाल्या.

तिच्या कपड्यांची ओळख म्हणजे तलमपणा. शिफॉनचे एकावर एक पातळ थर, त्यातून खालचा रंग झिरपताना दिसायचा. जोडीला लेस, फिती आणि रेशमी कापडाच्या इवल्या कळ्या. आवळून बांधणाऱ्या कॉर्सेटचा जाच तिने कमी केला. पण तिची खरी कामगिरी कपडे विकण्याच्या पद्धतीत आहे. जिवंत मॉडेल पॅरिसमध्ये आधीही होत्या. ल्यूसीने त्यांना छोटा रंगमंच, पडदा, दिवे आणि वाद्यसंगीत दिले, गिऱ्हाइकांना निमंत्रणे धाडली. कपड्यांना तिने नावे दिली, तीही ‘अतृप्त ओठांचा उसासा’ अशा थाटाची. आजच्या फॅशन शोचा सांगाडा इथे तयार झाला. १९०७ मध्ये लंडनच्या ‘द मेरी विडो’ या संगीतिकेत अभिनेत्री लिली एल्सीने घातलेली तिची रुंद काठाची हॅट तर बायकांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे राहिली.

एप्रिल १९१२ मध्ये धंद्याच्या कामासाठी न्यूयॉर्कला जायला ती शेरबूर्ग बंदरात टायटॅनिकवर चढली. सोबत कॉस्मो आणि सेक्रेटरी लॉरा फ्रँकातेली. पतिपत्नींनी प्रवासापुरते मॉर्गन हे आडनाव घेतले होते. १४ तारखेच्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगावर आदळले. त्यानंतर दीडेक तासाने उजव्या बाजूची क्रमांक एकची जीवरक्षक नाव पाण्यात सोडली गेली. चाळीस माणसांच्या त्या नावेत बाराच जण होते: सात खलाशी आणि पाच प्रवासी. जहाज बुडाल्यावर ही नाव बुडणाऱ्यांकडे परत फिरली नाही. अंधारात ल्यूसी आपल्या सेक्रेटरीला म्हणाली, तुझा तो सुंदर नाइटड्रेस गेला. सामान गेल्याची तक्रार खलाशीही करू लागले, तेव्हा कॉस्मोने प्रत्येकाला पाच पौंड देण्याचे कबूल केले आणि पुढे ते दिलेही.

दीड हजारांच्या आसपास माणसे बुडालेली असताना हे पाच पौंड म्हणजे परत न फिरण्याची लाच, असा बोभाटा झाला. लंडनमध्ये लॉर्ड मर्सी यांच्या चौकशीत प्रवाशांपैकी या पतिपत्नींचीच साक्ष झाली. लाचेचा आरोप निराधार ठरला. मात्र कॉस्मोने खलाशांना परत फिरण्याचा आग्रह केला असता तर काही जीव बहुधा वाचले असते, असे अहवालात नोंदले गेले. लोकांच्या लक्षात लाचच राहिली. मराठीत नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे लौकिकही. इथे पहिलीने दुसऱ्याला बट्टा लावला.

अमेरिकेत धंदा मात्र वाढत गेला. झीगफेल्ड या निर्मात्याच्या ‘फॉलीज’ या रंगमंचीय कार्यक्रमांसाठी तिने पोशाख केले, आणि सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून सामान्यांसाठी कपडेही काढले. तिच्या नावाची शिफारस मालावर लावण्याचा एकाधिकार ओटिस वुड या जाहिरात एजंटाकडे होता, नफा निम्मा-निम्मा. त्याला डावलून तिने परस्पर शिफारसी दिल्या, म्हणून तो कोर्टात गेला. वुडने काहीच करण्याचे वचन दिलेले नाही, तेव्हा प्रतिफलाअभावी करारच नाही, असा तिचा बचाव. डिसेंबर १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी तो फेटाळला. एकाधिकार घेणाऱ्याने वाजवी प्रयत्न करण्याचे वचन शब्दांत नसले तरी करारात गर्भित असते, हे त्यांनी सांगितले. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी आजही ल्यूसीला टायटॅनिकपेक्षा याच खटल्यामुळे ओळखतात.

पहिल्या महायुद्धानंतर सरळ, आखूड कपड्यांचा काळ आला. झालरी आणि शिफॉनचे थर जुने वाटू लागले; कंपनी तिच्या हातून गेली आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत बुडाली. तिच्याकडे उमेदवारी केलेला एडवर्ड मॉलिन्यू तोवर स्वतः पॅरिसमधला नामांकित डिझायनर झाला होता. १९३२ मध्ये तिने आत्मचरित्र प्रसिद्ध केले. २० एप्रिल १९३५ रोजी लंडनच्या पटनी भागातल्या शुश्रूषागृहात, वयाच्या ७१ व्या वर्षी तिचे निधन झाले. कॉस्मो वारला, ती तारीखही २० एप्रिलच, साल १९३१.