स्कॅन नॉर्मल, तरीही…



"स्कॅन नॉर्मल आला, सुटलो बाबा!" एमआरआयनंतर आपण सगळेच असं म्हणतो. पण हंटिंग्टन या दुर्मिळ आनुवंशिक आजारात ही सुटका फसवी ठरू शकते.

आई किंवा वडिलांना हा आजार असेल, तर प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के. त्याचं जनुक १९९३ साली सापडलं. त्यात सीएजी ही तीन अक्षरं लागोपाठ ४० किंवा जास्त वेळा आली, तर पुरेसं आयुष्य लाभल्यावर आजार होतोच. लक्षणं मात्र बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात.

मग तोवर मेंदूत काय चालतं? मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या भिंतीवर कॉडेट नावाच्या भागाचा फुगवटा असतो. हालचाल, लक्ष, नियोजन यांत त्याचा मोठा वाटा. हंटिंग्टनमध्ये तो झिजत जातो, फुगवटा सपाट होतो, पोकळी रुंदावते. वयोमानाने मेंदू सगळ्यांचाच थोडा आकसतो; इथे वेग जास्त, आणि सुरुवात लक्षणांच्या कितीतरी वर्षं आधी.

सुरुवातीचा हा फरक एका फोटोत नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून २००८ मध्ये लंडन, लायडन, पॅरिस आणि व्हँकुव्हर इथे ट्रॅक-एचडी हा अभ्यास सुरू झाला. ३६६ जण त्यात आले. दरवर्षी स्कॅन काढून आधीच्याशी ताडून पाहिले. तुलनेसाठी जनुक नसलेले नवरा-बायको, भावंडंही मशीनमध्ये जाऊन पडली.

थोडक्यात, जनुक आहे की नाही हे रक्ततपासणी सांगते. स्कॅन झीज मोजतो, लक्षणांची तारीख सांगत नाही. ब्रिटनमध्ये लक्षणं नसताना ही तपासणी साधारणपणे १८ वर्षांनंतर, समुपदेशन करूनच होते. पुष्कळजण ती नको म्हणतात. तो त्यांचा हक्क आहे. रोग थांबवणारं सिद्ध औषध अजून हाती नाही. नव्या औषधांच्या चाचण्यांत मात्र हीच मोजमापं कामी येतात.

आपल्याकडे "मुलांची लग्नं जमायची नाहीत" म्हणून असा आजार घरातच दडपतात. आणि तोल जाणाऱ्याला बाहेरचे "प्यायलाय" म्हणून मोकळे होतात! मंडळी, निधी तर द्याच. पण असं एखादं घर माहीत असेल, तर एक संध्याकाळ तिथे जाऊन बसा. सांभाळणाऱ्याला तेवढीच उसंत.