इंजिनाच्या परीक्षेसाठी संगणक कसा निवडावा

ट्रॅक्टरचे इंजिन उघडून दुरुस्त केल्यावर त्याची शक्ती पूर्ववत आली की नाही, ह्याचा निर्णय आपल्याकडे बहुधा कानाने व धुराच्या रंगावरून होतो. कारागीर म्हणतो, इंजिन नव्यासारखे झाले. धन्यास मात्र नांगरटीत ते दबलेले दिसते. वाद मिटविण्यास दोघांपाशीही आकडा नसतो. हा आकडा डायनॅमोमीटर देतो. ट्रॅक्टरच्या पीटीओ दांड्यास हे यंत्र जोडून भार घातला म्हणजे टॉर्क, अर्थात दांड्यास पिळणारा जोर, व फेरे मोजले जातात. आणि जोडलेला संगणक त्यांवरून शक्ती काढून आलेख दाखवितो. असे यंत्र काही शेतकऱ्यांनी मिळून घ्यावयाचे ठरले की संगणकाचा प्रश्न निघतो व दुकानदार महागातला पुढे करतो. म्हणून ह्या विषयाचा खुलासा करणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम संगणकावर काम किती पडते ते पाहू. टॉर्क, फेरे, तेलाचा दाब, पाण्याचे व धुराचे उष्णमान अशी दहा मापे सेकंदास शंभर वेळा घेतली व प्रत्येक आकड्यास चार बाइट लागले, तर सेकंदास ४,००० बाइट होतात. दहा मिनिटांच्या परीक्षेची नोंद २४ लाख बाइट, म्हणजे मोबाइलवरील एका छायाचित्राएवढीच भरते. शिवाय प्रत्यक्ष मोजणी यंत्राबरोबर मिळणारी पेटी करते; संगणकाने आकडे उतरून घ्यावयाचे, इतकेच. सिलिंडरातील दाब फेऱ्याच्या दर अंशास मोजणे असेल तर मिनिटास २,००० फेऱ्यांवर सेकंदास १२,००० आकडे येतात. परंतु ते काम कारखान्यांचे आहे, दुरुस्तीच्या पारखीस त्याची गरज नाही. सबब, साधा संगणक पुरतो.

निवडताना क्रम असा ठेवावा. आधी सॉफ्टवेअर ठरवावे, संगणक मागाहून. ते विंडोजच्या कोणत्या आवृत्तीवर चालते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. विंडोज १० ची नेहमीची मोफत सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. तेव्हा विंडोज ११ न चालणारा जुना संगणक नव्याने विकत घेऊ नये. जुने सॉफ्टवेअर जुन्याच आवृत्तीवर चालत असेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ ह्याच कामास ठेवावा.

दुसरे, जोडणी पाहावी. पुष्कळ जुन्या पेट्यांस नऊ पिनांचे सीरियल पोर्ट लागते, व ते हल्लीच्या लॅपटॉपवर नसते. यूएसबीचे जोडतुकडे मिळतात, पण खरेदीपूर्वी पेटी लावून आकडे अखंड येतात की नाही, हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

तिसरे, जागेचा विचार करावा. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये धूळ, हादरे व विजेचा लपंडाव असतो. म्हणून बॅटरी असलेला लॅपटॉप, फिरत्या चकतीऐवजी एसएसडी, आठ जीबी मेमरी व उजेडात वाचता येईल असा पडदा घ्यावा. परीक्षा चालू असता संगणक आपोआप झोपी जाणार नाही किंवा नवी आवृत्ती उतरविण्यास लागणार नाही, अशी व्यवस्था आधीच करावी. नाहीतर ऐन भरात नोंद तुटते.

आता मुख्य गोष्ट. संगणक कितीही भारी असला तरी जोर मोजणारा लोड सेल चुकला तर आकडाही चुकतो. टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये घेऊन मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावा व ९,५४९ ने भागावे, म्हणजे किलोवॅट निघतात. ५०० टॉर्क व ५४० फेरे असता शक्ती सुमारे २८.३ किलोवॅट, म्हणजे ३८ अश्वशक्तीच्या वर येते. टॉर्कमध्ये शेकडा पाचाची चूक झाली की जवळजवळ दोन अश्वशक्ती खोट्या दिसतात. एवढ्यावर चांगला पंप बाद ठरतो किंवा वाईट दुरुस्तीचे पैसे चुकते होतात. ह्यासाठी आसापासून बरोबर एक मीटर अंतरावर, आडव्या दांडीस ५० किलोचे प्रमाणित वजन टांगून पाहावे. पडद्यावर सुमारे ४९० न्यूटन-मीटर आले पाहिजेत. वजन काढल्यावर शून्य यावे.

तात्पर्य, संगणकावर वाचविलेला पैसा प्रमाणित वजने व चांगला लोड सेल ह्यांवर खर्चावा, आणि दर हंगामापूर्वी माप तपासून त्याची नोंद वहीत ठेवावी. मग त्या आकड्यावर धनी व कारागीर दोघांसही विसंबता येईल.