पोलीस पाटलाची वही

सकाळी 6. चहाला उकळी येईपर्यंत मी ठाण्याचा ग्रुप उघडतो. आज एक फोटो आलाय. परजिल्ह्यातला फरार आरोपी, कर्जत-खालापूरकडे आल्याचा संशय. केस वाढतात, दाढी उतरते, म्हणून चेहऱ्यात मी फार अडकत नाही. खालची ओळ वाचतो: डाव्या मनगटावर त्रिशूळ गोंदलेला.

सकाळी 8. कोंडाणे लेण्यांजवळच्या एका गावचा मी पोलीस पाटील. अंगावर वर्दी नाही, हातात काठीही नाही. 1967 च्या ग्राम पोलीस अधिनियमानं नेमून दिलेल्या कामांतलं एक म्हणजे गावात काय घडलं, कोण आलं-गेलं ते ठाण्याला कळवायचं. वाडीत शिरून “नवीन कोण आलंय?” असं विचारलं की सगळ्यांची दातखीळ बसते. मी लावणीचं विचारतो, म्हातारीच्या गुडघ्याचं विचारतो. दुकानदार आपणहून म्हणाला, “पाटील, माळावरच्या फार्महाऊसचा पोरगा रोज दोन पाकिटं नेतो. भारीतली सिगारेट.” आमच्याकडे विडी खपते. मी वहीत लिहून घेतलं.

सकाळी 11. लेण्यांच्या वाटेवर पोरांचे घोळके. धबधब्याखाली जाऊ नका, हे घसा बसेपर्यंत सांगायचं. एका गटाची नावं, फोन नंबर घेतले. ते राजमाचीला जाऊन याच वाटेनं उतरणार होते.

दुपारी 1. जेवताना सिगारेटची पाकिटं डोक्यातून जात नाहीत. खबर देणं माझं काम, आणि याच मुलखात एका चिठ्ठीनं काय झालं ते ठाऊक आहे. माथेरानचे भाई कोतवाल, जन्म 1912 चा, शिकून वकील झालेले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष. 1942 त त्यांनी इंग्रजांविरुद्ध आझाद दस्ता उभा केला. सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत दस्त्यानं विजेचे 11 मनोरे पाडले. सरकारदरबारी ते फरारी, डोक्यावर इनाम. मागावर हॉल नावाचा पोलीस अधिकारी. पण वाड्या भाकरी पोचवत होत्या आणि तोंड उघडत नव्हत्या. मग मदतीसाठी लिहिलेली चिठ्ठी एका जमीनदाराच्या हाती पडली, त्यानं ती पोलिसांना दिली. 2 जानेवारी 1943, सिद्धगडच्या जंगलात वेढा पडला. मानिवलीचे हिराजी पाटील आधी पडले; जखमी कोतवालांना हॉलनं जवळून गोळी घातली. हॉलपेक्षा मला तो जमीनदार छळतो. त्याचं काम माझ्या कामाच्या फार जवळचं आहे.

फोटोतल्या आरोपीला धरायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण कुणाचं नाव फोनवर घेण्याआधी मी स्वतः जाऊन बघतो.

दुपारी 4. फार्महाऊस. गमबूट घातलेला पोरगा पंप उघडून बसला होता. मी प्यायला पाणी मागितलं. त्यानं उजव्या हातानं तांब्या दिला. मी पेलाही मागितला. डावा हात पुढे आला: ग्रीस, जुना भाजल्याचा डाग, गोंदण नाही. सिगारेट मालकाच्या पाहुण्यांसाठी होती. पाहुणे आत पत्ते खेळत होते. त्यांचीही मनगटं बघितली. पोरगा बिहारचा. मालकानं त्याची माहिती ठाण्यात दिलीच नव्हती. आधारची झेरॉक्स घेतली, मालकाला फोनवर चार शब्द सुनावले.

संध्याकाळी 6. बीट हवालदार आले. “बघितलंत, पाटील?”

“बघितलं, साहेब. तो नाही.”

त्यांनी मान हलवली. मग दोघं मिळून पलीकडच्या वाडीत वॉरंट घेऊन गेलो. माणूस वीटभट्टीच्या मुकादमाकडे उचल मागायला गेलेला. भावाला तारीख तीनदा समजावली, कारण कोर्टात उभं न राहिल्यानं साधा माणूसही फरारीच्या यादीत जातो.

रात्री 9. वहीत नोंद: फार्महाऊस तपासले, संशयित नाही, झेरॉक्स जोडली. लिहितोय तोच फोन. सकाळचाच गट, राजमाचीहून उतरताना वाट चुकलेला, एकाचा पाय मुरगळलाय. ठाण्याला कळवलं, दोर काढला, बॅटरीत नवे सेल घातले. ठाकूरवाडीतले दोघे जण रस्त्यावर येऊन थांबलेत.