सा-प लागोपाठ का नको? फ्यूगबद्दलचे पाच गैरसमज

वाशीम जिल्ह्यातल्या एखाद्या गावात सप्ताहाचं भजन रंगात आलं, की बुवांच्या शेवटच्या अक्षरावरच टाळकरी चरण उचलतात. क्षणभर दोन सुरावटी एकमेकींवर चढतात. युरोपातल्या बरोक काळातल्या (साधारण १६०० ते १७५०) ‘फ्यूग’ या अनेक आवाजांच्या रचनेत हा क्षण संपतच नाही.

गैरसमज १ : मग आपलं भजन म्हणजे काउंटरपॉइंटच (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र सुरावटी) की!
वस्तुस्थिती : नाही. टाळकऱ्यांनी ओळ घेतली की बुवा थांबतात. फ्यूगमध्ये दुसरा आवाज तीच ओळ ‘प’ला सा मानून सुरू करतो, तेव्हा पहिला आवाज स्वतःची वेगळी सुरावट पुढे नेत राहतो. दोन्ही ओळी सुट्या गायल्या तरी गाणं वाटल्या पाहिजेत, हीच खरी कसोटी.

गैरसमज २ : सा-प इतके जुळतात, मग ते कितीही वापरावेत.
वस्तुस्थिती : तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाची चूक इथेच होते. खालचा आवाज सा-रे गेला आणि वरचा प-ध, तर अंतर तेच राहतं आणि दोन आवाज एकाच आवाजासारखे चिकटतात. म्हणून लागोपाठची सा-प अंतरं वर्ज्य. त्याऐवजी हे पाहा :
वरचा आवाज : प नी सां नी सां
खालचा आवाज : सा रे ग रे सा
शेवटी वरचा नी वरती चढतो, खालचा रे खाली उतरतो आणि दोघे सा वर भेटतात.

गैरसमज ३ : हे नियम संगीतकार बाखने घालून दिले.
वस्तुस्थिती : ते पायरीपायरीने मांडणारा गाजलेला ग्रंथ योहान योसेफ फुक्स यांचा, १७२५ सालचा. गुरु-शिष्यांच्या संवादात लिहिलेला. त्यात आदर्श मानलाय तो बाखच्या शंभरेक वर्षं आधी, १५९४ मध्ये वारलेल्या संगीतकार पॅलेस्ट्रिनाला. संगीतकार हायडनने याच पुस्तकावर स्वतःचं शिक्षण केलं.

गैरसमज ४ : फ्यूग म्हणजे साचा, सूर भरले की झालं.
वस्तुस्थिती : मूळ ओळ सा वरून प वर गेली, तर उत्तर अनेकदा प वरून रें वर न जाता सां वर येतं, म्हणजे मूळ सा हातचा सुटत नाही. कुठे वाकवायचं हे कान ठरवतो. पहिल्या प्रवेशांनंतर पुढची वाट तर प्रत्येक फ्यूगची निराळी.

गैरसमज ५ : हे आपल्या मातीतलं नाही.
वस्तुस्थिती : गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तिथूनच मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. त्यांनी रागांवर आधारित वाद्यवृंदरचना केल्या. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातलं ‘अँथनी गोन्साल्विस’ हे प्रसिद्ध नाव या गुरूचंच.

सुरुवात फ्यूगने करू नका. आधी एका स्वरासमोर एकच स्वर, मग दोन, मग चार. त्यानंतर बाखच्या दोन आवाजांच्या, ‘इन्व्हेन्शन’ नावाच्या पंधरा छोट्या रचना. त्या त्याने शिकणाऱ्यांसाठीच लिहिल्या होत्या. वरच्या दोन ओळी मात्र आजच सोबत्याबरोबर गाऊन बघा. दोन गळे आणि सा धरायला एक पेटी, एवढं पुरतं.